रोजची रेघ, सामन्याची रेघ

मंगळवार, ४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले, त्याचा फार अर्थ लावू नकोस.

पत्र एकट्या तुला आहे, पण सुरुवात मला सभेसारखीच करावी लागते. वसाहतीचा पुढारी म्हणून चाळीस वर्षांची सवय. तर छापखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या, तिथल्या मैदानावर अनवाणी खेळलेल्या आणि आता बूट घालून लिफ्टने वर जाणाऱ्या आपल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे. तू मान्य कर किंवा करू नकोस, ती तुझीही आहे. आपल्या मैदानाची बारा पावलं चोरीला गेली आहेत. चोराकडे मी सावकाश येणार आहे. घाई नाही. सोमवारपर्यंत वेळ आहे.

आधी खुशाली. तुझी वहिनी बरी आहे. मी पत्र लिहितोय हे तिला माहीत आहे, काय लिहितोय ते नाही. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, सभा कमी करा. मी म्हटलं, डॉक्टर, सभेत मी गुडघ्याने बोलत नाही. तुझी पुतणी वसाहतीच्या मुलींचा फुटबॉल संघ चालवते. शाळेतली नोकरी संपली की थेट मैदानावर, गळ्यात शिट्टी, आवाज माझा आणि शिव्या तुझ्या. मुलींनी या हंगामात सहा सामने खेळले, चार जिंकले, एक बरोबरीत सुटला. सहाही सामने दुसऱ्यांच्या मैदानावर. आपल्या घरच्या सामन्यालाही दोन बस बदलून जावं लागतं. यजमान म्हणून फलकावर नाव आपलं, आणि पाण्याचा नळ कुठे आहे ते पाहुण्यांना विचारायचं. ते का, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहीन.

मी नवव्या मजल्यावर राहतो. बैठी घरं पाडून झाली, पहिला टॉवर उभा राहिला, आम्ही सगळे त्यात चढलो. लिफ्टमध्ये मोठा आरसा आहे. छापखान्यात ज्याचं तोंड वर्षानुवर्षं शाईने काळं असायचं तो मशीनमन आता रोज चार वेळा स्वतःला पाहतो आणि दचकतो. खाली रखवालदार बसतो. परवा त्याने वही पुढे केली.

"कोणाकडे जायचंय?"

"माझ्याकडे."

"ते आहेत का घरी?"

"मी पोचलो की असतील."

त्याने तसं लिहून घेतलं.

तळमजल्यावर काचेची व्यायामशाळा आहे. तिथे माणसं पट्ट्यावर धावतात आणि काचेतून मैदानाकडे बघतात. मैदानावर उतरत कोणी नाही, कारण मोबाइलवर पावलं तिथे मोजली जात नाहीत म्हणे. पलीकडच्या मॉलच्या गच्चीवर हिरवा गालिचा अंथरून तासाच्या भाड्याने फुटबॉल मिळतो. पंधरा मिनिटं उरली की भोंगा वाजतो. आपल्याकडे भोंगा म्हणजे आईची हाक होती, आणि तिला तीनदा ओ दिल्याशिवाय खेळ थांबायचा नाही.

कोपऱ्यावरच्या मावशी अकराव्या मजल्यावर आहेत. बाल्कनीत चादरी वाळत घातल्या म्हणून त्यांना नोटीस आली. माझ्याकडे घेऊन आल्या. "वाच रे, तू मोठा वाचणारा. माझ्या चादरींमुळे इमारतीचं तोंड वाईट दिसतं म्हणतायत. तोंड तर माझंही वाईट आहे, मलापण आत ठेवणार का?" मी नोटीस वाचली. तेवढ्यात त्या खिडकीशी गेल्या, खाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या दोऱ्या कुठे होत्या रे? काहीच कळत नाही वरून."

मावशींच्या दोऱ्या. तिथूनच सगळं सुरू होतं.

आता जे लिहितो ते तुला सांगायची गरज नाही. पण या पत्राची नक्कल मी करून ठेवणार आहे, आणि ती उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तर त्यालाही कळलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपले बाबा छापखान्याच्या मैदानाचे राखणदार होते. गवत कापायचं, गोलाचे खांब रंगवायचे, फक्की मारून रेघा आखायच्या. पूर्वेच्या बाजूला घरांची रांग होती, आणि चेंडू रोज कोणाची तरी काच फोडायचा. बायकांनी बाबांना घेरलं. बाबांनी तोड काढली. रोजच्या खेळासाठी पूर्वेची रेघ बारा पावलं आत आखायची. ती बारा पावलांची पट्टी बायकांची: कपडे वाळवायला, भांडी घासायला, भांडायला. आणि रविवारी, लीगचा सामना असला की दोऱ्या उतरवायच्या, खिडक्यांना फळ्या लावायच्या आणि रेघ बाहेर न्यायची. एक रोजची रेघ, एक सामन्याची रेघ. रोजच्या रेघेने मैदान एक्केचाळीस मीटर रुंद, सामन्याच्या रेघेने पन्नास. लीगला पंचेचाळीस लागतात. मावशी शनिवारी संध्याकाळीच ओरडायच्या, "दोरीवाले आले, चादरी उचला."

बाहेरच्या माणसाला हे कळणं शक्य नाही. तो बुधवारी आला, तर त्याला बुधवारची रेघ दिसणार, आणि तीच तो हद्द समजणार. त्याला मी दोष देणार नाही.

पण तू बाहेरचा नव्हतास. शनिवारी संध्याकाळी बाबा दोरी सोडायचे तेव्हा उत्तरेचं टोक माझ्या हातात असायचं आणि दक्षिणेचं तुझ्या. आठ वर्षांचा होतास तेव्हा दक्षिणेच्या खुंटीवर तुझ्या डाव्या पायाचा अंगठा फाटला. बाबांनी दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, दोरी बांधायला. रक्त थांबेना म्हणून मी तुला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं. सगळी वाट तू माझ्या कानात एकच सांगत होतास, "दादा, बाबांना सांगू नको." मी सांगितलं नाही. त्यांना कळलंच, आणि त्यांनी दोन्ही खुंट्या वीतभर खाली ठोकून वर माती लोटली. मग दर शनिवारी माती बाजूला करायची, दोरी बांधायची, रेघ झाली की माती परत सारायची.

हा माणूस मोठा होऊन मोजणीदार झाला. बिल्डरच्या कंपनीत लागला. आणि तीन वर्षांपूर्वी आमच्या मैदानाचं माप घ्यायला आला तो बुधवारी.

बुधवारीच का आलास रे? आठवड्याला सात दिवस आहेत.

नकाशात मैदान एक्केचाळीस मीटर लागलं. उरलेली नऊ मीटरची पट्टी कोणाचीच नाही असं ठरलं, आणि जे कोणाचंच नाही ते बिल्डरचं असतं. तिथून आता दुसऱ्या टॉवरच्या गाड्या तळघरात उतरणार आहेत. जानेवारीत, हंगामाच्या तोंडावर, लीगचा माणूस टेप घेऊन आला. त्याने दोनदा मोजलं, मान हलवली आणि आमचं मैदान यादीतून काढलं. घरांसाठी बिल्डरशी केलेल्या करारात एक कलम आहे: मैदान सलग एक हंगाम लीगच्या यादीत नसेल, तर ती नुसती मोकळी जागा धरावी. मोकळ्या जागेवर काय होतं ते तुझ्या धंद्यातल्याला मी काय सांगू. फरशी होते. मग त्या फरशीवर पट्टे ओढतात, आणि त्या पट्ट्यांमध्ये गाड्या उभ्या राहतात. हंगाम या महिनाअखेरीस संपतो.

आम्ही पालिकेत तक्रार केली. सुनावणीच्या अधिकारी एक बाई आहेत, कमी बोलणाऱ्या, चष्मा नाकावर, सगळं स्वतः वाचणाऱ्या. अशा माणसापुढे मला बोलायला आवडतं. मी पाऊण तास बोललो. लीगची जुनी वही दाखवली, त्यात रुंदी पन्नास लिहिली आहे. बिल्डरचा वकील म्हणाला, वहीतलं माप पावलांनी घेतलेलं, ढोबळ आहे. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही फार चांगलं बोलता. पण मला कागदावरचं नको. जमिनीतलं काही असेल तर दाखवा."

जमिनीतलं. मला बाबांच्या खुंट्या आठवल्या.

उत्तरेची खुंटी मी अर्ध्या तासात काढली. माझंच टोक ते. जुन्या नळाचा चौथरा अजून आहे, त्याच्यापासून चार पावलं. कुलूप माझ्याबरोबर होता. कुलूप म्हणजे आपला गोलकीपर, तुझा जिवलग, ज्याच्या जाळ्यात चेंडू जात नसे. आता त्याच्या कमरेला पट्टा आहे आणि तो लिफ्ट न वापरता चार मजले चढतो, हट्टाने. फावड्याला लोखंड लागलं तेव्हा तो खाली बसला आणि खुंटीवरची माती शर्टाच्या बाहीने पुसायला लागला. "दोरी मास्तर," एवढंच म्हणाला. बाबांना सगळे तेच म्हणायचे.

पण एका खुंटीने रेघ होत नाही. दोन लागतात. दक्षिणेला आम्ही चार खड्डे खणले. रोजच्या रेघेपासून बारा पावलं धरली, काही नाही. तेरा धरली, काही नाही. तिकडची सगळी घरं पाडली आहेत, राडारोडा पसरून जमीन सपाट केली आहे, एकही जुनी खूण नाही. आणि मला पुसटसं आठवतं, तिकडे पाण्याचा पाइप आडवा आल्यामुळे बाबांनी खुंटी कुठेतरी सरकवली होती. किती, कुठे, ते मला माहीत नाही. मी त्या टोकाला कधी उभाच नव्हतो. पाचव्या खड्ड्याला बिल्डरच्या माणसांनी काम अडवलं. वाद बाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं: सोमवारी, दहा तारखेला, सकाळी दहा वाजता मी स्वतः जागेवर येते. माझ्यासमोर एक खड्डा खणा. एकच. खुंटी निघाली तर हद्द ती. नाही निघाली तर नकाशा कायम.

म्हणजे जगात एकच माणूस आहे ज्याला तो खड्डा कुठे खणायचा ते माहीत आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही.

हात दुखायला लागला. बाकीचं नंतर.


गुरुवार, ६ मार्च

परवाचं पत्र टाकलं नाही. बरं झालं. काल मी पालिकेत जाऊन सुनावणीची फाइल बघून आलो. ती कोणालाही बघता येते, फक्त मागणारा मिळत नाही. कारकुनाने पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "काका, दोनशे पानं आहेत." मी म्हटलं, "माझ्या आयुष्यात ही दुपारच्या चहाच्या आधीची आहेत."

त्यात नकाशाच्या पाठीमागे तुझा कच्चा कागद सापडला. जागेवर उभं राहून पेन्सिलीने काढलेला. तुझे आकडे मी ओळखतो, तुझा सात अजून लंगडतो. मी तो कागद खिडकीशी नेला आणि तिरपा धरला. एकतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली आहेत. पेन्सिल खोडली तरी कागदावर तिचा दाब राहतो, आणि तो उजेडात तिरपा धरला की वाचता येतो. दक्षिणेच्या कोपऱ्यात, तू आखलेल्या रेघेच्या बाहेर, एक बारीक गोल होता. काढलेला आणि खोडलेला. त्याच्या शेजारी माप नाही, आणि कच्चा कागद प्रमाणात नसतो. नुसता गोल.

तू तिथे जाऊन उभा राहिलास. बुधवारी, भर उन्हात, बुटांत. तुला खुंटी आठवली, तू ती कागदावर मांडलीस, आणि मग रबर काढलंस.

आता तुला "माझ्या लक्षात आलं नाही" असं म्हणता येणार नाही. त्या कागदाची सहीशिक्क्याची नक्कल मी घेतली आहे. ती हातात आली तेव्हा मला किती आनंद झाला, ते तुझ्यापासून लपवत नाही. कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. मी बसने न येता चालत आलो. वाटेत मी माझं सोमवारचं भाषण रचलं. त्यात तुझं पद, तुझ्या कंपनीचा टॉवर, तुझी चकचकीत गाडी, तुझा अंगठा, सगळं क्रमाने होतं. वसाहतीचे चौसष्ट बिऱ्हाडकरू समोर, अधिकारी बाई, बिल्डरची माणसं, आणि मधोमध तू. कुठे थांबायचं तेही ठरलं होतं. लोकांना श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते, तिथेच ते पेटतात.

घरी आलो, वहिनीला भाषण म्हणून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुमचं काय?"

"माझं काय?"

"भाषणात तुम्ही कुठे आहात? सगळ्यांनी सह्या कोणाच्या सांगण्यावरून केल्या?"

मी म्हटलं, "तो मुद्दा वेगळा आहे."

"हो का," ती म्हणाली, आणि सालं घेऊन उठून गेली.

तो मुद्दा मी परवाच्या पानांत लिहिला नाही. तू वाट बघत असशील, दादा त्याबद्दल कधी लिहितोय. तर लिहितो.

कराराच्या सभेत लोक तयार नव्हते. मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कोणीतरी मैदान पुन्हा मोजा. मशीनमन म्हणाला, मी टेप आणतो. तेव्हा मी व्यासपीठावरून म्हणालो, "हे माप माझ्या सख्ख्या भावाने घेतलं आहे. दोरी मास्तरांच्या मुलाने. ते मी पुन्हा मोजणार नाही, आणि तुम्हीही मोजू नका." टाळ्या पडल्या. चौसष्ट सह्या त्याच संध्याकाळी झाल्या. आता लिफ्टमध्ये माझं तेच वाक्य लोक मला ऐकवतात. कुजकटपणे नाही, हसत. कुलूप सोडून. तो मला बघून जिन्याकडे वळतो, आणि ते जास्त लागतं.

हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. आता माहीत नसलेलं.

कराराचं प्रूफ सभेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आलं होतं. मी ते बसून, पट्टी लावून, ओळ न् ओळ वाचलं. सवयीने चार ठिकाणी स्वल्पविराम टाकले. आणि नवव्या पानावर आकडा आला, एक्केचाळीस. माझा हात आपोआप थांबला. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. आमच्या धंद्याचा पहिला नियम हाच: शंका आली की खूण करायची, आणि मूळ प्रतीशी ताडून बघायचं. मूळ प्रत खिडकीबाहेर होती. मला फक्त उंबरा ओलांडून जायचं होतं.

तेव्हा फोन वाजला. आठ वर्षांनी तुझा आवाज. तू विचारलंस, "दादा, वाचून झालं का?"

दादा म्हणालास.

मी म्हटलं, "झालं." तू म्हणालास, "ठीक आहे ना सगळं?" मी म्हटलं, "तू केलंयस, मग ठीकच असणार." मला वाटलं, हा आता घरी येईल. वहिनीला मी सांगूनसुद्धा टाकलं, त्याचा फोन आला होता. आणि फोन ठेवल्यावर मी रबर घेतलं आणि समासातलं प्रश्नचिन्ह खोडलं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

तू तो शब्द ठरवून वापरलास की तोंडातून निघाला, याचा मी तीन वर्षं विचार करतोय. ठरवून वापरला असशील तर तुझ्याइतका हुशार माणूस मी पाहिला नाही. माझी किंमत तुला अचूक कळली होती, एका शब्दाची. माणसं मला घर देऊ करून थकली, पद देऊ करून थकली. तू माझ्याकडून नऊ मीटर घेतलेस आणि त्या बदल्यात "दादा" दिलंस. त्यानंतर फोन नाही. घरी येणं नाही.

हा सूड होता. मी सूड ओळखतो, मीही त्याच मातीचा आहे. आणि कशाचा सूड, तेही मला ठाऊक आहे. तेही लिहून टाकतो, म्हणजे सोमवारी तुझ्याकडे बोलायला काही उरणार नाही.

छापखाना बंद पडला त्या वर्षाची सर्वसाधारण सभा. तू उभा राहून म्हणालास, घरं जुनी झाली आहेत, बिल्डरशी आजच बोलू, नंतर भाव पडेल. साधं बोललास. कागदावर लिहून आणलं होतंस. मी त्याचं उत्तर द्यायला उठलो. आकड्यांनी देता आलं असतं. मी म्हणालो, "ज्याने आयुष्यभर दोरीचं एकच टोक धरलं, त्याला मैदान केवढं ते काय कळणार?" सभागृह हसलं. मावशी हसल्या, कुलूप हसला. पहिल्या रांगेत बाबा होते, काठीवर हनुवटी टेकून. ते हसले नाहीत. तू तुझा कागद चार घड्या करून खिशात घातलास आणि मधल्या वाटेने बाहेर गेलास. त्या महिन्यात तू घर सोडलंस. बाबा गेले तेव्हा तू आलास, सगळ्यांशी बोललास, माझ्याशी नाही.

इतकी भाषणं केली, पण इतकी टाळी दुसऱ्या कुठल्याही वाक्याला पडली नाही. ते वाक्य मला आवडलं होतं. पुढे दोन-तीनदा वापरलंसुद्धा, तुझा संदर्भ काढून.

आता बघ काय झालंय. मैदान केवढं, हे कळणारा वसाहतीत एकही माणूस उरला नाही. मी माझं टोक उकरून बसलोय आणि दुसरं टोक तुझ्याकडे आहे. तू माझं वाक्य मैदानावर खरं करून दाखवलंस, फक्त माणूस बदलून.

मी माफी मागत नाही. हे पत्र माफीचं नाही. मला तुझा हिशेब चुकता करायचा आहे आणि तो मी करणार. तू आमच्या मुलींचं मैदान घेतलंस. तुझ्या पुतणीचं मैदान घेतलंस, जिला तू चालायला शिकवलंस, तेही तिथेच, रोजच्या रेघेवर पावलं टाकत. त्या मुलींनी तुझं काय केलं होतं? भांडण माझं होतं. माझं घर घ्यायचं होतंस, मी उभं राहून दार उघडून दिलं असतं. तू बाबांची रेघ घेतलीस. याची भरपाई मला तुझ्याच पायाने हवी आहे, लोकांसमोर, भर दिवसा.

तू आलास तर तुझी नोकरी राहणार नाही. बिल्डर स्वतः तिथे असणार आहे. त्याचा मोजणीदार त्याच्याच नकाशाविरुद्ध उभा राहिला तर दुसऱ्या दिवशी तुला दारात कोणी उभं करणार नाही. या वयात दुसरी नोकरीही मिळायची नाही. मला वाईट वाटेल असं समजू नकोस. मी ते बघायला पुढच्या रांगेत उभा असेन.

तू नाही आलास, तर तुझ्या कच्च्या कागदाची नक्कल आणि हे पत्र, दोन्ही मैदानाच्या फाटकावर लागतील. लीगचे निकाल लावतो त्याच फळ्यावर. वसाहतीत वाचणारे बरेच आहेत, छापखान्याचीच माणसं ती. त्यांना खोडलेला गोल दिसेल आणि खोडलेलं प्रश्नचिन्हही कळेल. मला आता त्याचं काही वाटत नाही. पण खुंटी निघणार नाही, आणि एप्रिलमध्ये तिथे फरशी बसेल. मग आपण दोघंही बरोबर ठरू आणि मुली पट्ट्यांमध्ये चेंडू खेळतील, गाड्या यायच्या आधी.

रचलेलं भाषण रात्री कागदावर उतरवलं होतं, ते मी आज सकाळी फाडलं. सोमवारी मी बोलणार नाही. असं माझ्या आयुष्यात प्रथमच होणार आहे, डॉक्टरांना कळवलं आहे. खुंटी निघाली की मी बाईंसमोर फक्त एक गोष्ट सांगेन: नवव्या पानावरचं प्रश्नचिन्ह मी केलं होतं आणि मीच खोडलं होतं. ते ऐकल्यावर लोकांनी माझं काय करायचं ते लोक ठरवतील. तुझ्यासाठी ती सगळ्यात चांगली जागा आहे, समोरून बघायला. तुझा सूडही त्या दिवशी पुरा होईल. दोघांचं एकाच खड्ड्यात उरकू.

दोरी मी तयार ठेवली आहे. बाबांचीच. मावशींनी इतकी वर्षं तिच्यावर कपडे वाळवले, काल विचारलं तर म्हणाल्या, "ती मास्तरांचीच आहे रे, मी नुसती वापरत होते." गाठी अजून जशाच्या तशा आहेत.

तर सोमवारी, दहा मार्चला, सकाळी दहा वाजता, मैदानाच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात ये. काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. बूट काढ, आणि खुंटी जिथे आहे तिथे तुझा डावा पाय ठेव.

उत्तरेचं टोक धरून उभा असलेला,
तुझा दादा